मले, तुले आणि मेडले

अमरावती एक्स्प्रेस मूर्तिजापूरला जेमतेम दोन मिनिटं थांबते. नोव्हेंबर २०२३मध्ये एवढ्या वेळात माझ्या घरच्या अकरा माणसांना मला निरोप द्यायचा होता. नोकरी अमरावतीला असल्यामुळे मी तिथूनच सामान घेऊन बसले होते; गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. गाडी लागली तर आमची मंडळी इंजिनाकडे उभी आणि माझा डबा पार मागे. माय पदर खोचून पळत आली. तिच्या हातातला स्टीलचा डब्बा खिडकीच्या गजांतून आत येईना. मी दाराशी पोचेपर्यंत गाडी हलली होती. शेवटी कुणा अनोळखी माणसाने तो धावत आणून माझ्या हातात कोंबला. मायचा चेहरा नीट पाहायचाही राहिला.

बाबा बाकावरून उठलेच नाहीत. महिनाभर त्यांचं एकच चाललं होतं. आमच्याकडे परदेश म्हटलं की भाऊसाहेबांचं नाव निघतं. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली विलायतेला गेले, बॅरिस्टर होऊन आले, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. बाबांनी तेच काढलं. “भाऊसाहेब बोटीनं गेले, ते वापस आले. तू येशीन काय वापस?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकोल्याला नर्सिंगची जीएनएम पदविका केली, अमरावतीत चार वर्षं आयसीयूत काढली, पगार चौदा हजार. बाबांना हे पाठ होतं, म्हणून त्यांनी जा असंही म्हटलं नाही आणि नको असंही.

जर्मनीतल्या स्टुटगार्टचं जमण्याआधी एकदा मी फसले होते. एका एजंटाने ‘फाईल लावतो’ म्हणून ऐंशी हजार घेतले आणि फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या खेपेला थेट तिथल्या रुग्णालयाशीच बोलणं झालं. जर्मन भाषेच्या कोर्सची फी आणि विमानाचं तिकीट त्यांनी भरलं. रात्रपाळी करून ऑनलाइन वर्ग, मग जर्मनच्या बी-टू पातळीची परीक्षा द्यायला पुणे. तिथे मेसमध्ये मी सवयीने “मले थोडं वरण दे जो” म्हटलं आणि टेबलावरच्या पोरी हसल्या. त्या दिवसापासून मी मला-तुला करायला लागले. आपली बोली लपवायची तालीम माझी अशी पुण्यातच झाली. जर्मनी नंतर आली.

स्टुटगार्टला नोव्हेंबरात पाचच्या सुमारास अंधार होतो. पण मला खरा धक्का वॉर्डात बसला. आपल्याकडे पेशंटला पुसून काढणं, भरवणं, कूस बदलणं ही सोबतच्या माणसाची कामं. सलाईन लावणं सिस्टरचं. इथे नेमकं उलट. शिरेत सुई डॉक्टर लावतात, अंग धुणं माझ्याकडे. सोबतचं माणूस नसतंच. भारतातल्या पदविकेला मान्यता मिळेपर्यंत कागदोपत्री मी मदतनीस. व्हेंटिलेटर सांभाळलेली मी सकाळी सहाला गरम पाण्याचं भांडं घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. पहिला आठवडा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. घरी सांगितलं, काम आयसीयूचंच आहे.

भाषेचं तर विचारू नका. मी शिकले ती पुस्तकी जर्मन. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बोलत तिथली बोली, श्वेबिश. डोंगराकडच्या गावातल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी म्हणाल्या, ‘फूस’ दुखतोय. फूस म्हणजे पाऊल, हे मी पहिल्या धड्यात शिकलेले. मोजा काढला, टाच पाहिली, बोटं फाकवून पाहिली, सूज नाही की जखम नाही. तसं लिहूनही टाकलं. आजी भडकल्या आणि मांडीवर चापट मारून ओरडल्या, “फूस! फूस!” तेव्हा कळलं, श्वेबिशमध्ये कमरेपासून बोटांपर्यंत सगळा फूसच. माझ्यासोबतची हॅम्बुर्गची सिस्टर म्हणाली, मीही फसले होते. ती फसली ते ठीक. मी कशी फसले? पाय दुखते म्हणून बसलेला आमचा आजा हात गुडघ्यावर ठेवायचा, कधी मांडीवर. आम्हाला कधी विचारावं लागलं नाही, पाय म्हणजे नेमकं कुठे.

त्याच आजी पुढे मला ‘मेडले’ म्हणू लागल्या. मेडले म्हणजे पोरगी. श्वेबिशमध्ये लाडाच्या, लहान वस्तूच्या शेवटी ‘ले’ लागतो. त्यांचा तो प्रसिद्ध पदार्थही श्पेट्सले. मी त्यांना मले, तुले, घरले म्हणून दाखवलं. अर्थ अगदी वेगळा, पण त्यांना कोण आनंद! पुढे बायांच्या खोलीत शिरले की कुणीतरी हटकून म्हणे, “मले!”

घड्याळाने मात्र दगा दिला. एका पेशंटला ‘फीर्टल ड्राय’ला एक्स-रेला न्यायचं होतं. फीर्टल म्हणजे पाव, ड्राय म्हणजे तीन. मी सव्वातीन धरलं आणि त्या हिशेबाने खाली नेलं. त्यांची वेळ होती सव्वादोन. तिथल्या बोलीत याचा अर्थ तिसऱ्या तासाचा पाव भाग. अडीचला ते ‘हाल्ब ड्राय’ म्हणतात, म्हणजे अर्धा तीन. आपला ‘अडीच’ तरी काय, ‘अर्धतृतीय’ झिजून झालेला. पावणेतीन त्यांचा पाऊण-तीन. पेशंट उपाशी, नंबर गेलेला, बोलणी मी खाल्ली. संध्याकाळी कागदावर घड्याळ काढून सव्वा, अडीच, पावणे असं मराठीत मांडलं, तेव्हा कुठे ते डोक्यात बसलं.

या लोकांच्या बोलीला बाकीचे जर्मन हसतात. त्यांनी काय करावं? स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या सरकारने १९९९पासून जाहिरातच केली की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन तेवढी येत नाही. हे ऐकलं त्या रात्री मी मायला फोन केला आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा धड वऱ्हाडीत बोलले. ती म्हणे, “आता कशी आपली पोरगी बोलून रायली!”

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि माझा फोन वाजू लागला. दर्यापूर, बाळापूर, अचलपूर, “ताई, आम्हाले जमीन काय?” जमतं. माझी मान्यतेची परीक्षा पास झाली, आता मी कागदावरही नर्स आहे. पण पोरींनो, जर्मनीला पोचवतो म्हणून पैसे मागणारा भेटला की तिथून उठा. माणसं त्यांना हवी आहेत, खर्च त्यांनीच करायचा. अंग धुवायची तयारी ठेवा आणि घड्याळ तिथल्या बोलीत शिकून या. आणि मायने दिलेली मिरचीपूड हातातल्या बॅगेत ठेवू नका. माझी मुंबईच्या विमानतळावरच राहिली.