अंगाच्या मापाची सायकल

सांगलीच्या हळदबाजारात वाढलेल्या मुलाला माल पारखण्याचे धडे वेगळे द्यावे लागत नाहीत. हळकुंड मोडून आतला रंग पाहावा आणि मगच भाव बोलावा, ही रीत त्याच्या अंगवळणी पडलेली असते. अशाच एका अडत्याचा मुलगा दोन वर्षांच्या बचतीतून पहिली रोड बाइक घ्यायला निघाला, तेव्हा मात्र ती रीत क्षणभर विसरला.

गाठीला ४०,००० रुपये होते. पुण्यातील एका दुकानात भरघोस सवलतीची सायकल दिसली. रंग देखणा, पुढचा फोर्क कार्बनचा. फ्रेम मात्र ५६ सेंटिमीटरची आणि मुलाची उंची ५ फूट ६ इंच. ‘सीट खाली घेतली की जमेल,’ असे विक्रेता म्हणाला. मुलाचा हात खिशाकडे गेला. सोबत आलेले वडील म्हणाले, ‘अरे, थांब. आधी बसून बघ.’

तो बसला. हँडल गाठताना कोपरे ताठ झाली, खांदे कानांकडे चढले. सीट वरखाली करता येते, हँडलचा स्टेमही थोडा आखूड बसवता येतो. पण फ्रेमची लांबी बदलत नाही. तासाभराच्या प्रवासात हीच चूक मानेत, खांद्यांत आणि तळहातांत ठणकू लागते, आणि हौसेने घेतलेली सायकल जिन्याखाली धूळ खाते. वडील एवढेच म्हणाले, ‘अंगाला न येणारा सदरा निम्म्या भावात मिळाला, तरी महागच.’

मुलगा हिरमुसला, पण शोध थांबला नाही. पंधरवड्याने ५२ सेंटिमीटरची, अॅल्युमिनियम फ्रेमची एक वापरलेली सायकल सापडली. शिमानो क्लॅरिसचे गिअर, पुढे २ आणि मागे ८. आता मुलानेच पारख केली. फ्रेमच्या जोडांवर उजेड पाडून तडे शोधले, चाके फिरवून डगमग पाहिली, साखळीवर पट्टी धरली. नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. ही अर्धे सूत जास्त भरली. म्हणजे साखळी बदलायची वेळ आली होती. पूर्ण सूत वाढली असती, तर मागची दातेरी चक्रेही झिजलेली निघण्याचा संभव होता. मालकाला पट्टी दाखवली, तेव्हा त्याने वाद न घालता भाव उतरवला. सौदा २८,००० रुपयांत ठरला.

उरलेल्या रकमेतून आधी हेल्मेट आले; मग नवी साखळी, खडबडीत रस्त्यांसाठी २८ मिलिमीटरचे टायर, पुढचा-मागचा दिवा, पंप आणि जादा ट्यूब.

पहिल्याच पहाटे तो तासगावला जाऊन आला. वडील पेढीवर बसले होते. किती वेगाने गेलास, असे त्यांनी विचारले नाही.

‘मान दुखते का रे?’

‘नाही, अप्पा.’

त्यांनी मान डोलावली आणि रोजमेळ पुढे ओढला.