बिजागरी

वयाला दोष देणे किती सोपे असते, हे मला मोटारीच्या एका दाराने शिकवले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या डोंबिवलीजवळील कारखान्यात माझे वडील फिटर होते. निवृत्तीनंतर आमच्या जुन्या मोटारीचे डावे दार त्यांच्याकडून लागेना. ‘‘बाबा, जरा जोर लावा,’’ असे मी दर वेळी म्हणत असे. पुढे त्यांनी मोटारीत बसणेच सोडले. ‘‘रिक्षा बरी,’’ एवढेच म्हणाले.

एका रविवारी मी उघडे दार कडेला धरून उचलून पाहिले. बिजागरीची पिन ढिली नव्हती. मात्र लॉकच्या बाजूने दार किंचित खाली उतरले होते. बिजागरीभोवती पेन्सिलीने खूण केली, दाराखाली जॅक आणि लाकडी ठोकळा दिला, बोल्ट थोडे सैल केले व जॅक जेमतेम दोन मिलिमीटर वर घेतला. बोल्ट आवळून दार हळूच लावले. वरपासून खालपर्यंत फट सारखी झाली होती. लॉकला हात लावावाच लागला नाही.

बाबा गॅलरीतून पाहत होते. खाली येऊन त्यांनी दोन बोटांनी दार लोटले. ते लागले.

‘‘दोष लॉकपाशी दिसतो, असतो बिजागरीत,’’ ते म्हणाले.

‘‘मग आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘तू विचारलंस कुठे?’’

आपल्या घरातही असे न विचारलेले काही राहिले असेल, तर ते आजच विचारावे.