कुशीला चिकटलेले गवत

घोडा बोटावर चालतो. त्याच्या पुढच्या पायात जे गुडघा म्हणून ओळखले जाते, ते खरे तर मनगट. त्याखालचा सगळा पाय म्हणजे लांबलेले एकच मधले बोट, आणि खूर हे त्या बोटाचे नख. मनगटाखाली मांस जवळजवळ नाहीच. हाडे, कंडरा, त्यांना बांधणारे अस्थिबंध आणि वर कातडी, एवढाच ऐवज. सगळा देह अशा चार नखांवर तोललेला असतो, आणि त्यातला सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर येतो. घोडा बहुधा पुढच्या पायाने लंगडतो तो यामुळेच. उतारावर हा भार आणखी पुढे सरकतो. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसांना वाहून नेण्याचे काम घोड्याकडेही येते. तिथल्या घाटवाटेची प्रत्येक उतरण या बोटांना सोसावी लागते.

नीट सांभाळलेला घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. पंधरा-सोळा वर्षांनंतर त्याचे सांधे कुरकुरू लागतात. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, सांध्यातले वंगण पातळ होते, कडेने नवे हाड धरते. पण तो हे सांगत नाही. कळपात राहून शिकाऱ्याला चुकवणाऱ्या जनावराने दुखणे दाखवणे म्हणजे मरण ओढवून घेणे. ती सवय तबेल्यातही सुटत नाही. म्हणून त्याच्या बोलण्याची वाट न पाहता त्याच्या चालीकडे पाहावे लागते. सकाळी ठाणावरून सोडल्यावर पहिली दहा पावले आखूड पडतात. वळताना तो मान आणि धड एकत्र वळवतो, लाकडी ओंडका फिरवावा तसा. मागचा पाय पुरता उचलला जात नाही, आणि ओल्या मातीत खुराच्या टोकाची बारीक रेघ उमटते.

लंगड नेमकी ओळखायची तर घोड्याला कडक, सपाट जमिनीवर दुडकी चालवतात. दुखरा पुढचा पाय टेकताना तो डोके वर झटकतो आणि धड पाय टेकताना खाली आणतो. दुखणे मागच्या पायात असेल तर डोक्याऐवजी पुठ्ठ्यांकडे पाहायचे. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्यापेक्षा जास्त वरखाली होतो. डोळे मिटूनही परीक्षा होते. निरोगी घोड्याच्या टापांचा ठेका सारखा पडतो. लंगड्याच्या ठेक्यात एक टाप हलकी आणि घाईची ऐकू येते. चालता चालता मोकळा होणारा ताठरपणा सहसा सांधेझिजीचा असतो. कामाबरोबर वाढत जाणारी लंगड वेगळ्या इजेकडे बोट दाखवते.

कारण शोधताना सुरुवात नेहमी खुरापासून. काल धड असलेला घोडा आज पाय टेकवेनासा झाला, तर पुष्कळदा खुरात पू धरलेला असतो. वाट करून दिली की एक-दोन दिवसांत उतार पडतो. खूर गरम लागतात, घोट्यामागची नाडी बोटाखाली जोराने उडते आणि घोडा पुढचे पाय लांब टाकून भार टाचांवर घेतो, तेव्हा ते लॅमिनायटिसचे लक्षण. यात खुराची भिंत आणि आतले हाड यांना सांधणारे पदर सुजतात. इथे एक तासही दवडू नये. अशा घोड्याला चालवू नये, मऊ जमिनीवर उभे करून वैद्याला बोलवावे. उन्हाळा आला तरी लांब केस न झडणारा, पाणी जास्त पिणारा म्हातारा घोडा पीयूषिका ग्रंथीच्या विकाराने आजारी असू शकतो, आणि त्या विकारातूनही लॅमिनायटिस उद्भवतो. सांध्यांत पुष्कळदा झिजतात ते मागच्या पायाच्या मधल्या, मागे टोक असलेल्या सांध्यातले खालचे छोटे सांधे. ते कधी कधी हळूहळू एकमेकांशी जुळून येतात, आणि मग दुखणे आपोआप ओसरते.

यानंतरचे काम नालबंदाचे. खुराची भिंत महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढते. टोक लांबले की दर पावलाला सांध्यावर जास्त ताण येतो, म्हणून म्हाताऱ्या घोड्याचे खूर सहा आठवड्यांच्या आत तासलेले बरे. जाणता नालबंद अशा घोड्याचा पाय उंच धरत नाही. तो स्वतः खाली वाकतो, पाय जमिनीपासून वीतभरच उचलतो आणि बाहेर न ओढता पोटाखालीच धरतो. दोन-चार वेळा कानस फिरवली की पाय खाली ठेवून घोड्याला उसंत देतो, मग पुन्हा उचलतो. घोड्याने पाय हिसकला तर तो खोडीने हिसकलेला नसतो. उरलेल्या तीन पायांना भार पेलवत नाही, एवढेच त्याचे सांगणे असते.

घोड्यांच्या वैद्याला जुना शब्द सालोत्री. तो अश्ववैद्यकाच्या शालिहोत्र परंपरेतून आला. आजचा पशुवैद्य सांधा मिनिटभर दुमडून लगेच घोड्याला पळवून पाहतो, एकेक नस बधिर करून दुखण्याची जागा नक्की करतो, क्ष-किरणाने हाड तपासतो. मग औषध ठरते. फिनाइलब्युटाझोन, मेलॉक्सिकॅम अशी औषधे दुखणे खरोखर हलके करतात. पण मात्रा चुकली किंवा दोन वेदनाशामके एकत्र दिली तर जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. माणसाच्या डबीतली गोळी घोड्याला देऊ नये. या निवडीचा परिणाम तबेल्याबाहेरही पोचतो. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, तेव्हा भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी घातली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकही बंद झाले.

औषधाइतकीच किंमत रोजच्या चालण्याला आहे. आखूड दोरीने दिवसभर बांधलेला घोडा आणखी आखडतो, आणि दिवसभर मोकळा सोडलेला घोडा चरताना पावलापावलाने आपले सांधे सैल करत राहतो. काम हलके असावे, आणि त्याआधी दहा-पंधरा मिनिटे संथ चाल असावी. कडक रस्ता टाळून माती निवडावी. वजन आवरावे: बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर बोटांना लागाव्यात. काम कमी झालेल्या घोड्याला जुन्याच मापाने चंदी दिली, तर प्रेमाने घातलेला तो दाणा त्याच्याच पायांवर बसतो. दात झिजले असतील तर चारा बारीक आणि भिजवलेला द्यावा.

उरते झोप. घोडा पायांचे सांधे अडकवून उभ्याने डुलकी घेतो. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते, दिवसाला अर्धा तास तरी. ज्याला उठता येईल याची खात्री वाटत नाही, तो आडवा होणेच सोडतो. मग उभ्या उभ्या झोप अनावर होते, पुढचे पाय दुमडतात, तो दचकून सावरतो, आणि पुढच्या घोट्यांवर खरचटल्याच्या खुणा जमत जातात. या खुणा दिसल्या की जागा मोठी करावी, खाली गवताचा जाड थर घालावा. उपचार लागू पडले का, हे सकाळी खरारा करताना कळते: कुशीला गवताची काडी चिकटलेली असली, तर रात्री घोडा निजला होता.

ही काडी दिसेनाशी झाली, औषध चढवूनही पाय टेकवेना, पडलेल्या घोड्याला माणसांच्या आधारानेच उठवावे लागू लागले, की उपचारांची हद्द संपते. तेव्हा पशुवैद्याच्या हातून शांत मरण देणे हाही देखभालीचाच भाग ठरतो. तो निर्णय घोडा स्वतःच्या पायांवर उभा असतानाच घ्यावा.