पावणेचार घटका

पूर्वी लग्नाच्या मांडवात घटिकापात्र ठेवीत. तळाला बारीक छिद्र असलेली ती वाटी पाण्यात बुडाली की घटका भरली, म्हणजे २४ मिनिटे संपली. आमच्या थोरल्या भावाच्या नोकरीची परीक्षा ९० मिनिटांची असते. हिशेब केला तर नेमक्या पावणेचार घटका!

भाऊ संगणकाचा पदवीधर. चारठाण्यात कोणी विचारले, "पोरगं काय करतंय?" की अण्णा सांगतात, "कॉम्प्युटरवर पेपर देतंय." "अजून पेपरच?" हा पुढचा प्रश्न ठरलेला.

या पेपरात पडद्यावर दोन-तीन प्रश्न येतात, कोपऱ्यात घड्याळ उलटे धावते आणि कॅमेरा चेहऱ्यावर रोखलेला असतो. लिहिलेला प्रोग्राम गुप्त उदाहरणांवर तपासतात. त्यालाही वेळेचे बंधन असते. समजा, एक लाख आकड्यांतून ठरावीक बेरजेची जोडी शोधायची आहे. प्रत्येक आकडा प्रत्येकाशी ताडला तर सुमारे ५०० कोटी जोड्या होतात आणि यंत्र प्रोग्राम मध्येच थांबवते. पण पाहिलेला आकडा टिपून ठेवावा आणि पुढच्याचा जोडीदार त्या टिपणात आहे का एवढेच पाहावे, तर एका फेरीत काम होते. मला यात दुकानदाराची उधारीची वहीच दिसली.

भावाला ही युक्ती सुचते, पण अंगणात दोन येरझारा घातल्यावर. कॅमेऱ्यासमोरून उठायची सोय नाही. अमेरिकेत २०२० साली ४८ विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला. कोणी पाहत असताना फळ्यावर प्रश्न सोडवणाऱ्यांची कामगिरी एकांतात सोडवणाऱ्यांच्या निम्म्याहूनही खाली गेली. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "नव्या सुनेला समद्यांसमोर भाकर थापायला लावली की मोडतीच की!"

तरी मी या घड्याळाला सरसकट नावे ठेवणार नाही. आमचा वशिला म्हणजे जिंतूरच्या एस. टी. स्टँडवरचे रसवंतीवाले मामा. यंत्र आडनाव विचारत नाही, हे आमच्यासारख्यांना थोडे नाही. मात्र शहरातल्या शिकवणीत तेच प्रश्न घोटून आलेल्याला उत्तर आठवते, आणि भाऊ तिथे विचार करत बसतो. मग मोजले काय, बुद्धी की पाठांतर?

मी स्वतः टंकलेखन शिकते. लिपिक-टंकलेखकाला मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. ते मला पटते, कारण तिथे वेग हेच काम. भावाला पुढे जे काम करायचे ते महिनोन्‌महिने चालणारे, चार जणांनी मिळून करायचे. आमच्या गावातला तो उंच कोरीव दगडी स्तंभ घडवणाऱ्याला पावणेचार घटकांत फूल कोरून दाखव असे कोणी म्हटले असते, तर त्याने छिन्नी खाली ठेवली असती, असे मला उगीचच वाटते.

येत्या रविवारी भावाचा पुन्हा पेपर आहे. शेजारच्या काकांनी ११ ते १२.३० पिठाची गिरणी बंद ठेवायचे कबूल केले आहे. दळण घेऊन येणाऱ्या बायकांना ते काय सांगणार, हे मात्र त्यांनी अजून सांगितलेले नाही.