दोन बाजूंच्या ओव्या

आमच्या राळेगावच्या घरी साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्या कागदी पट्टीवर ‘जाते, १९९४’ एवढेच लिहिलेले आहे. त्या वर्षी नाताळच्या सुटीत नागपूरचे माझे मेहुणे दोन माईक जोडता येणारे ध्वनिमुद्रण-यंत्र घेऊन आले होते. गावात पिठाची गिरणी केव्हाच आली होती, तरी मूग भरडण्यापुरते जाते अजून ओसरीवर होते. आई आणि आत्याबाई जात्याच्या दोन अंगांना समोरासमोर बसल्या. मेहुण्यांनी डावा माईक आईपुढे आणि उजवा आत्याबाईंपुढे ठेवला. आईने ओवी उचलावी, आत्याबाईंनी ती झेलावी, शेवटची ओळ दोघींनी मिळून म्हणावी, असे सव्वीस मिनिटे चालले आहे.

ही फीत आम्ही वर्षानुवर्षे ऐकली ती एकाच कर्ण्याच्या साध्या टेपरेकॉर्डरवर. त्यात दोन्ही आवाज एकाच जागेहून येत. यामागे एक शहाणपण आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली. पुढे तिच्यावर स्टीरिओ ध्वनिमुद्रण होऊ लागले, तेव्हा डाव्या आणि उजव्या आवाजाच्या रेघा फितीवर एकमेकींना लागून ठेवल्या गेल्या. त्यामुळे साध्या यंत्राचे डोके त्या दोन्ही रेघा एकदमच वाचते आणि कुणाचाही आवाज गळत नाही. गरिबाच्या यंत्राची अशी आठवण ठेवणारे तंत्रज्ञ विरळा.

आई २००९ साली गेली. अलीकडे फीत चिकटू लागली, म्हणून पुतण्याने ती संगणकात उतरवून घेतली आणि आत्याबाईंच्या दोन्ही कानांत इअरफोन घातले. आत्याबाई आज ऐंशीच्या पुढे आहेत. लहानपणी गालगुंड झाले त्यात त्यांचा डावा कान कायमचा गेला. एका कानावर त्यांनी सारा संसार केला. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, “वयनी इतक्या दूर काऊन बसली रे?”

इअरफोन उलटे घालून पाहिले. आता आई जवळ आली. पण आत्याबाई हसून म्हणाल्या, “आता मीच दूर गेली.”

तीस वर्षांत आम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट त्या दिवशी कळली. त्या फितीत दोघी वेगवेगळ्या बसलेल्या होत्या, आणि ज्याला एकच कान आहे त्याच्या वाट्याला दोघींपैकी एकच येत होती.

आवाजाला जागा असते, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. व्हेनिसच्या संत मार्कच्या बॅसिलिकेत सोळाव्या शतकात दोन गायकवृंद वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून स्तोत्रांची कडवी आळीपाळीने गात. आद्रियान विलार्ट या संगीतकाराची तशी स्तोत्रे १५५० साली छापली गेली. यंत्रात ही गोष्ट आणण्याचे श्रेय ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याला जाते. बोलपटात नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्याला खटकले, असे सांगतात. १९३१ च्या डिसेंबरात त्याने आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन कर्ण्यांतून एकच आवाज सारख्या जोराने आला की तो मधोमध असल्याचा भास होतो; एकीकडे जोर वाढवला की आवाज तिकडे सरकतो. आमच्या फितीत जात्याची घरघर दोन्ही माईकना सारखीच लागली होती. म्हणून इअरफोनमध्ये जाते नेमके मध्ये आणि दोघी दोन बाजूंना, अगदी त्या ओसरीवर होत्या तशा.

पुतण्याने आधी सोपा उपाय केला. सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅन’ नावाचा एक खटका असतो. पॅनोरामा या शब्दाचे ते लघुरूप. त्याने तो उजवीकडे सरकवला. अपेक्षा ही, की आई उजवीकडे येईल. आई आली नाही, ती फक्त बारीक झाली. पुष्कळदा असेच होते. दोन बाजूंचा आवाज एका गाठोड्यात बांधलेला असेल तर हा खटका तराजूच्या काट्यासारखा वागतो. एक पारडे हलके करतो, पण या पारड्यातला जिन्नस त्या पारड्यात टाकत नाही. त्यासाठी आधी गाठोडे सोडावे लागते. आम्ही वापरतो त्या ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘स्प्लिट स्टीरिओ टू मोनो’ अशी आज्ञा आहे. ती दिली की एका पट्टीच्या दोन स्वतंत्र पट्ट्या होतात आणि दोन्ही मधोमध येऊन बसतात. मग प्रत्येकीला हवे तिथे नेता येते.

(हल्लीच्या मोबाइलमध्ये ‘मोनो ऑडिओ’ अशी सोय असते. ती चालू केली की दोन्ही बाजूंचा आवाज दोन्ही कानांत येतो. ज्यांच्या घरी एका कानाने ऐकणारे कुणी असेल त्यांनी ती अवश्य शोधावी.)

आता आत्याबाईंना दोघी ऐकू येणार होत्या, पण नवीच अडचण उभी राहिली. जाते दोन्ही पट्ट्यांत होते, ते एकत्र येताच अंगावर आले आणि ओव्या त्याखाली गेल्या. शिवाय आईचा आवाज तिच्या माईकपर्यंत आधी आणि पलीकडच्या माईकपर्यंत किंचित उशिरा पोहोचलेला होता. एक मीटर अंतर कापायला आवाजाला सेकंदाचे सुमारे तीन हजारांश लागतात. एवढ्या फरकानेही तोच आवाज स्वतःवर पडून रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा पोकळ होतो. म्हणून मी आणि पुतण्या चार संध्याकाळी बसलो. जात्याची खोल घरघर थोडी छाटली. आई गात असेल तेव्हा आत्याबाईंची पट्टी खाली, आत्याबाई गातील तेव्हा आईची खाली, आणि मिळून म्हणायच्या ओळीला दोन्ही वर. हे काम निवडण-टिपणासारखे आहे. त्यात घाई चालत नाही.

याच दरम्यान पुण्याहून धाकट्या भावाचा निरोप आला, ‘मला फक्त आईचा आवाज हवा, बाकी सगळे काढून टाका.’ त्याची ओढ मला समजते. आई गेली तेव्हा तो दूर होता. आणि आज हे अशक्यही नाही. जॉन लेनन याने एका कॅसेटवर पियानोसह गाऊन ठेवलेले गाणे होते. त्यातला त्याचा गळा यंत्राकडून वेगळा काढून बीटल्सचे ‘नाऊ अँड देन’ २०२३ साली प्रसिद्ध झाले. पण तिथे गायकाच्या हाताखाली वाद्य होते, इथे समोर नणंद होती. ते काढून टाकणे माझ्या हातून होईना. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्या आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. ओवीचे शब्द लिहून ठेवता येतात. कोण कुणासमोर बसून म्हणाले, ते मात्र आवाजातच राहते.

शेवटी भावाला आईची डावी पट्टी आहे तशी पाठवली, काही न छाटता. तीत आत्याबाई आहेत, पण जात्यापलीकडे, अस्पष्ट.

आठवड्याने त्याचा फोन आला. चौदाव्या मिनिटाला आईला दम लागतो आणि ती ओवी अर्ध्यावर सोडते. पुढची ओळ आत्याबाई पुरी करतात, ती त्याला उमगत नव्हती. मी फोन आत्याबाईंकडे दिला. त्यांनी तो उजव्या कानाला लावला, काय विचारतो ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ते होय? ते त मीच म्हटली होती. आईक.”

आणि गळा खाकरून त्यांनी ओळ म्हणून दाखवली. मग कॅसेटवर नसलेल्या आणखी दोन ओव्या म्हटल्या.