डावा पाय सुट्टीवर

बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात सेकंडहँड ऑटोमॅटिक आली. क्लचची कटकट संपली, बाबा पुन्हा स्वतः गाडी काढून मंडईत जायला लागले. त्यामुळे या गाडीचा गिअरबॉक्स मला माझ्या लॅपटॉपहून प्यारा!

इंजिन ऑइल सगळेच बघतात हो, ट्रान्समिशन फ्लुइडची आठवण कुणाला? ते कमी पडलं की गिअर उशिरा पडतो, इंजिन नुसतंच ओरडतं. आमच्या गाडीला डिपस्टिक आहे, हे नशीब. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना ती नसतेच, तिथे गॅरेजवालाच लेव्हल बघतो.

माझा रविवारचा कार्यक्रम ठरलेला. एक चक्कर मारून गाडी गरम करायची, सपाट जागी लावायची, हँडब्रेक ओढायचा. ब्रेकवर पाय ठेवून लीव्हर सगळ्या गिअरमधून फिरवत 'पी'वर आणायचा. इंजिन चालूच. (काही गाड्यांत बंद करून बघतात, मॅन्युअल वाचाच.) डिपस्टिक पुसायची, पुन्हा घालून काढायची. लेव्हल 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये हवी. लालसर रंग म्हणजे ऑल वेल. काळपट रंग, जळका वास म्हणजे थेट मेकॅनिक. आणि हे फ्लुइड जळून संपत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय! पार्किंगमध्ये लाल थेंब दिसले, की नुसत्या टॉप-अपवर भागवायचं नाही, गॅरेज गाठायचं.