रिकाम्या जागा

माघ सरत आला की बारावीतल्या मुलाच्या घरात आपोआप शांतता पसरते. दूरदर्शनचा आवाज खाली येतो, पाहुण्यांना हळू बोलण्याची खूण होते आणि आई चहाचा पेला न बोलता मेजावर ठेवून जाते. इतर विषय कसेबसे आटोक्यात आलेले असतात. पण रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले की मुलाचा धीर सुटतो. लेखी परीक्षेचे ७० गुण, प्रात्यक्षिकाचे ३०, आणि त्यांच्या पाठीशी उभा असलेला पुढच्या प्रवेशाचा प्रश्न! मग तो बिचारा एकच मार्ग धरतो. डोळे मिटून, मागेपुढे झुलत, तो सूत्रांमागून सूत्रे घोकू लागतो.

घोकण्यात एक गोड फसवणूक असते. तेच पान चौथ्यांदा वाचले की ते ओळखीचे वाटते. आणि ओळखीचे वाटले की ते आपल्याला येते, असा भास होतो. परंतु ओळख म्हणजे ज्ञान नव्हे. बाजारात रोज दिसणारा चेहरा ओळखीचा असतो. पण त्या माणसाचे नाव कोणी विचारले, तर आपण गप्प होतो. परीक्षागृहात पुष्कळांची अशीच गत होते. म्हणून जाणता विद्यार्थी धडा समजून वाचतो, पुस्तक मिटतो आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहितो. जिथे लेखणी अडते, तिथे तो जागा मोकळी सोडतो. तसा कागद पाहून प्रथम मन खट्टू होते. तथापि खरा अभ्यास सुरू होतो तो त्याच क्षणी.

रसायनशास्त्रातील एक थोर कार्य अशाच रिकाम्या जागांमुळे गाजले. दिमित्री मेंडेलीव्ह हे रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत असता, त्या काळी ठाऊक असलेल्या ६३ मूलद्रव्यांची मांडणी कशी करावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. १८६९ मध्ये त्यांनी अणुभार आणि गुणधर्म पाहून ती एका कोष्टकात बसवली. काही स्थानी शोभेल असे मूलद्रव्यच सापडेना. तिथे भलतेच काही कोंबण्याऐवजी त्यांनी ती स्थाने रिकामी ठेवली. आणि १८७१ मध्ये, तिथे कोणत्या गुणांची मूलद्रव्ये येतील, हेही सांगून टाकले. पुढे १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले, आणि तीन जागा भरल्या! जर्मेनियमच्या जागी येणाऱ्या मूलद्रव्याचा अणुभार ७२ असेल, असे मेंडेलीव्ह यांचे भाकीत होते. आज तो ७२.६ मानला जातो. आपल्याला काय ठाऊक नाही हे नेमके ठाऊक असणे, ही केवढी मोठी विद्या!

विद्यार्थ्याच्या कागदावरील जागा मात्र नुसत्या पाठांतराने भरत नाहीत. तिथे 'का?' असे विचारावे लागते. रासायनिक समीकरण हा दुकानदाराच्या वहीसारखा जमाखर्च आहे. डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. दोन्ही बाजूंस हायड्रोजनचे चार अणू, ऑक्सिजनचे दोन, हिशेब चोख! प्रयोगशाळेत नायट्रेट ओळखताना त्याच्या द्रावणात फेरस सल्फेट मिसळून संहत गंधकाम्ल परीक्षानळीच्या कडेने हळूहळू सोडतात. हळूहळू का? तर ते आम्ल जड असल्यामुळे तळाशी जाते, आणि दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडे उमटते. नळी हलवली की कडे मोडले! हे कारण उमगल्यावर ती कृती सहसा विसरत नाही.

भरलेली जागा पुन्हा रिकामी होऊ नये, म्हणून शहाणा विद्यार्थी दोन दिवसांनी, मग आठवड्याने, पुस्तक मिटून तोच कागद नव्याने लिहितो. परीक्षेच्या आदल्या रात्री तो जागरण करीत नाही. झोपेने ताजी झालेली बुद्धी ऐन वेळी दगा देत नाही.

गुणपत्रिका काही वर्षांनी कपाटाच्या तळाशी जाते. पण आपले अज्ञान स्वतःपासून न लपवण्याची सवय आयुष्यभर साथ देते. आणि ती लावून घेण्यासाठी कोणीही बारावीची वाट पाहण्याचे कारण नाही.